संशयाची वारसनोंद

वडोदऱ्याच्या जुन्या शहरातला दांडिया बाजार हा गुजरातेत असूनही पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आलेला भाग आहे. गायकवाडांच्या राज्यात कारकुनीपासून कारभारापर्यंतच्या चाकरीत असलेली, फौजेत, शाळेत आणि दप्तरखान्यात रुजू असलेली कुटुंबे सुरसागर तलावाच्या या अंगाला स्थिरावली, त्यांनी वाडे बांधले, प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मुले पाठवली, आणि मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा या शहरात भरावे इतकी आपली भाषा तेथे नांदती ठेवली. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले, तेव्हा एके काळी राज्यकर्त्यांची असलेली ही भाषा केवळ अल्पसंख्याकांची भाषा उरली. तरीही या बदलामुळे दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी गृहस्थाला रात्री पोलीस दारात येतील अशी धास्ती वाटू लागली, असे कधी झाले नाही. ही गोष्ट वरवर साधी वाटली तरी तिचे कारण शोधू गेल्यास पोलीस आणि अल्पसंख्य समाज यांच्या नात्याविषयीची एक प्रचलित समजूत दुरुस्त करावी लागते. संख्येने थोडे असणे, वेगळी भाषा बोलणे, वेगळे सणवार पाळणे एवढ्यावर पोलिसांशी असलेले नाते ठरत नाही. एखाद्या समाजाचे नाव सरकारच्या दप्तरात पहिल्यांदा कोणत्या वहीत चढले, यावर ते अधिक ठरते. दांडिया बाजारातल्या कुटुंबांची नावे सनदांत, पगारपत्रकांत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत आणि शाळेच्या पटावर चढली. गुजरात-महाराष्ट्रातल्या दुसऱ्या काही समाजांची नावे मात्र प्रथम चढली ती पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत.

या दोन वह्यांमधले अंतर किती मोठे आहे हे समजण्यासाठी दांडिया बाजारातलीच एक वास्तू उपयोगी पडते. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात होते, महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते, पुढे बडोदे कॉलेजात शिकवत होते, आणि ते ज्या घरात राहिले ते दांडिया बाजारातले घर आज अरविंद निवास म्हणून जपले गेले आहे. बडोदे सोडून बंगालमध्ये गेल्यावर १९०८ साली त्यांना अलीपूर बाँब खटल्यात अटक झाली, सुमारे एक वर्ष त्यांनी तुरुंगात काढले आणि मे १९०९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ब्रिटिश पोलिसांच्या लेखी ते संशयित होते व सुटकेनंतरही त्यांच्यावर नजर राहिली. परंतु त्यांच्यावरच्या संशयाला एक आरंभ होता, त्याचे आरोपपत्र झाले, त्या आरोपाला उत्तर देण्यासाठी चित्तरंजन दासांसारखा वकील उभा राहिला, पुरावा तपासला गेला आणि शेवटी निकाल लागला. आज त्या घरात येणारा माणूस हात जोडून आत शिरतो, आणि पोलिसांच्या संशयाचा तो काळ चरित्रकार अभिमानाने सांगतात. संशयाचा शेवट होण्यासाठी तो आधी आरोपाच्या रूपाने न्यायालयात यावा लागतो, ही कायद्याची साधी रीत येथे दिसते. ज्या माणसावर आरोपच ठेवला गेला नाही, केवळ संशय ठेवला गेला, त्याची निर्दोष सुटका कोणते न्यायालय करणार?

अरविंदांच्या जन्माआधी वर्षभर, म्हणजे १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. या कायद्याने प्रांतिक सरकारला असा अधिकार मिळाला की, एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या सवयीचा आहे असे त्याला वाटल्यास गव्हर्नर जनरलच्या मंजुरीने त्या सबंध समूहाला ‘गुन्हेगार जमात’ म्हणून जाहीर करता यावे. एकदा अशी घोषणा झाली की तिच्या योग्यायोग्यतेबद्दल कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येणार नाही, असे कलम कायद्यातच घातलेले होते. सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर, त्या अर्थी चोराचा मुलगा चोरच होणार, असे जातिव्यवस्थेचे उथळ वाचन त्यामागे होते. आणि हे वाचन इंग्रज अधिकाऱ्यांच्या गळी उतरले याचे एक कारण असे की गावोगावचे प्रतिष्ठित लोक त्यांना तेच सांगत होते. कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालपर्यंत पोचला, १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला व १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले.

त्याची अंमलबजावणी कशी होत असे हे जवळून पाहिले पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांचे सगळे वळण त्या तपशिलात आहे. जाहीर झालेल्या जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत लिहिली जात, १९११ नंतर त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात. नोंदल्या गेलेल्या माणसाला ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, म्हणजे पोलीस ठाण्यात किंवा पाटलाच्या चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवावे लागे. दुसऱ्या गावी लग्नाला, बाजाराला, आजारी नातेवाइकाला भेटायला जायचे तर पास काढावा लागे, आणि तो पास नसताना हद्दीबाहेर सापडणे हाच स्वतंत्र गुन्हा होता. ज्या लोकांचा चरितार्थच फिरण्यावर होता, म्हणजे जे मीठ, धान्य, जनावरे यांची ने-आण करत, शिकार करत, खेळ करून दाखवत, टोपल्या विणत, त्यांच्यासाठी जगण्याची रीत आणि गुन्हा या दोन गोष्टी एकच झाल्या. पुढे मुंबई इलाख्यात सेटलमेंट उभ्या राहिल्या. तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, ठराविक वेळी हजेरी, आणि दिवसा जवळच्या गिरणीत किंवा कामावर मजुरी, असे त्यांचे स्वरूप होते. सोलापूरची सेटलमेंट त्यांतली मोठी. ते कुंपण केव्हाच गेले, परंतु ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता सोलापुरात आजही लिहिला जातो, आणि नोकरीच्या अर्जावर तो लिहिताना तिथल्या तरुणाच्या मनात काय येत असेल याची कल्पना ज्याच्या पत्त्याला इतिहास चिकटलेला नाही त्याला येणे कठीण आहे.

सात-बाराच्या उताऱ्यावर बाप गेल्यावर मुलाचे नाव लागते, त्याला वारसनोंद म्हणतात. त्या हक्कासाठी मुलाने काही कमवावे लागत नाही, त्याचे त्या घरात जन्मणे पुरेसे असते. गुन्हेगार जमाती कायद्याने अगदी अशीच वारसनोंद संशयासाठी उघडली. फरक इतकाच की जमिनीची नोंद चुकली तर हरकत घेता येते, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत दाद मागता येते. संशयाच्या नोंदीला हरकत घेण्याची जागाच कायद्याने ठेवलेली नव्हती.

या साऱ्याचा दोष परक्या राजवटीवर टाकून मोकळे होणे मराठी वाचकाला सोयीचे असले तरी ते खरे नव्हे. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांच्या ताब्यात होते आणि तिथल्या वाघेर समाजाने १८५८-५९ मध्ये व पुन्हा १८६० नंतरच्या दशकात उठाव केले. जोधा माणेक आणि मुळू माणेक ही नावे त्या भागात आजही आदराने घेतली जातात. उठाव मोडल्यावर वाघेरांवर नजर ठेवण्यासाठी ओखामंडळ बटालियन नावाची पलटण राखली गेली आणि तिचा खर्च बडोदे संस्थानाच्या तिजोरीतून होत राहिला. ज्या राज्याच्या दप्तरात दांडिया बाजारातली कुटुंबे मानाने नोंदली जात होती, त्याच राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक सबंध समाज पहाऱ्याखाली होता. आणि आजच्या गुजरात राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवून नंतर त्या शिक्क्यातून मुक्त केलेल्या समाजांच्या यादीत, छारा, डफेर, मियाणा यांच्याबरोबर वाघेरांचेही नाव आहे. महाराष्ट्रात याहून जुना दाखला रामोशांचा आहे. किल्ल्यांची आणि गावांची राखण हे ज्यांचे वतन होते, पेशवाई गेल्यावर ज्यांची ती राखणदारी तुटली, त्या रामोशांपैकी उमाजी नाईकाने बंड केले आणि १८३२ साली पुण्यात त्याला फाशी झाली. गावाच्या दृष्टीने जो राखणदार होता तो एका पिढीत संशयित ठरला. याउलट खानदेशात १८२५ च्या सुमारास औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांमधूनच पलटण उभी केली आणि कालपर्यंत ज्यांना लुटारू म्हटले जात होते तेच लोक बंदोबस्त ठेवू लागले. माणसे तीच, डोंगर तोच. बदलले होते ते राज्याने त्यांच्याकडे पाहण्याचे धोरण. जन्मजात गुन्हेगारी नावाची काही वस्तू असती तर असे एका हुकमासरशी होणे शक्य नव्हते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने हा कायदा रद्द केला. विमुक्त समाज तो दिवस आपला मुक्तिदिन म्हणून पाळतात. परंतु कायदा रद्द झाला तरी नोंदवह्या जाळल्या गेल्या नाहीत, आणि त्या ज्यांच्या कपाटात होत्या त्यांना दुसरी नोकरी दिली गेली नाही. राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा कायदा हा त्यांपैकीच एक. सराईत गुन्हेगार म्हणजे ठराविक वेळा शिक्षा झालेला माणूस. ही व्याख्या व्यक्तीला लागू होते, जमातीला नाही, म्हणून कागदावर हा बदल मोठा होता. पण कोणत्या व्यक्तीकडे पाहायचे हे ठरवताना ठाण्यातला जमादार जुन्या सवयीने जुन्याच वस्तीकडे वळला, तेथून पुन्हा पुन्हा माणसे उचलली गेली, काहींना शिक्षा झाल्या, आणि त्या शिक्षांच्या आधारे ती वस्ती गुन्हेगारांची असल्याचे आकड्यांनी सिद्ध झाले. हिस्ट्रीशीट, म्हणजे एखाद्या माणसाच्या हालचालींची ठाण्यात ठेवलेली नोंद, ही आजही पोलिसांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. येथे पोलिसांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण तिच्याशिवाय चित्र अपुरे राहते. ठाण्यात माणसे कमी असतात, घरफोडी झाली की दोन दिवसांत वरून विचारणा येते, वर्तमानपत्रात बातमी येते, फिर्यादीच्या ओळखीचा कोणी पुढारी दूरध्वनी करतो. अशा वेळी तपासाची लांबची वाट धरण्याऐवजी पूर्वीच्या यादीतली चार माणसे उचलून आणणे हा जवळचा मार्ग ठरतो, आणि त्या चार माणसांच्या मागे उभे राहणारे कोणी नसल्यामुळे तो बिनधोक्याचाही असतो. शिपाई क्रूर असतोच असे नाही. तो एका तयार यादीचा वारस असतो, आणि ती यादी चुकीची ठरली तर त्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही.

ही गोष्ट मध्यमवर्गीय वाचकांपर्यंत प्रथम पोचवली ती मराठी आत्मचरित्रांनी. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ ही पुस्तके आली तेव्हा पोलीस ठाणे नावाची जागा, जी मराठी साहित्यात तोवर बहुधा विनोदाच्या किंवा रहस्यकथेच्या निमित्ताने येत असे, ती घराच्या उंबऱ्याइतकी जवळची आणि भयाची जागा म्हणून समोर आली. ‘उपरा’ला आणि ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, विद्यापीठांनी ती अभ्यासक्रमांत लावली. वाचक हळहळला. त्या हळहळीतून नोंदवहीचे एक पानही बदलले नाही, हे सांगताना त्या लेखकांच्या कामाचे मोल कमी होत नाही. वाचकांची जबाबदारी मात्र वाढते.

वडोदऱ्याने या बाबतीत जे काम केले ते महाराष्ट्रात पुरेसे ठाऊक नाही. भोरला जन्मलेले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करणारे गणेश देवी यांनी १९९६ मध्ये विद्यापीठ सोडून याच शहरात भाषा संशोधन केंद्र काढले. त्यातूनच पुढे छोटा उदेपूरजवळच्या तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी राहिली. १९९८ च्या आरंभी बंगाली लेखिका महाश्वेता देवी वडोदऱ्यात व्हेरियर एल्विन व्याख्यान देण्यासाठी आल्या, त्या वेळी त्यांच्या मनात पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातली एक ताजी घटना होती. खेडिया सबर या विमुक्त जमातीतला बुधन सबर नावाचा तरुण फेब्रुवारी महिन्यात पोलिसांनी पकडला आणि आठवडाभरात तो कोठडीत मरण पावला. त्याने गळफास घेतला असे पोलिसांनी सांगितले. सबर लोकांनी त्यानंतर जे केले ते या सबंध इतिहासातले अत्यंत धैर्याचे आणि शहाणपणाचे कृत्य मानावे लागेल. प्रेत ताब्यात मिळाल्यावर त्यांनी ते झोपडीच्या जमिनीत पुरून ठेवले आणि बाहेर एक पुतळा जाळून अंत्यसंस्कार झाल्याचे दाखवले, कारण पुन्हा शवविच्छेदन करण्याची वेळ आली तर शरीर शाबूत हवे, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांना निरक्षर आणि रानटी म्हटले जाते त्या माणसांनी पुराव्याचे मोल तपास करणाऱ्या खात्यापेक्षा अधिक जाणले. खेडिया सबर कल्याण समितीच्या अर्जावर कोलकाता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी निकाल दिला, पोलिसांचे म्हणणे स्वीकारले नाही आणि कुटुंबाला भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बारामतीत पारधी समाजातला एक माणूस पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. पुरुलिया आणि बारामती यांच्यात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, भाषा वेगळी, सरकारे वेगळ्या पक्षांची. तरी दोन्हीकडे घटनेचा आराखडा एकच होता, तो १८७१ साली आखलेला होता.

महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड या तिघांनी वडोदऱ्यात विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृती गट स्थापन केला, ‘बुधन’ नावाचे नियतकालिक काढले, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे पत्रव्यवहार केला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये आयोगाने सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली. या कामाची सर्वांत जिवंत शाखा अहमदाबादच्या छारानगरात फुटली. छारा समाज सांसी-कंजारभाट या मोठ्या समूहाशी नाते सांगणारा, घरात भांतू ही आपली बोली बोलणारा. ब्रिटिश काळात त्यांना सेटलमेंटमध्ये ठेवले होते आणि त्या जागेच्या आसपासच आजची वस्ती आहे. तेथे १९९८ मध्ये एक छोटे वाचनालय सुरू झाले, त्यात जमणाऱ्या मुलामुलींनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले आणि ३१ ऑगस्टलाच ते प्रथम केले. ना पडदा, ना नेपथ्य. काही अंगे एकमेकांत गुंफून झोपडी होते, तीच अंगे कोठडीची भिंत होतात, आणि पोलीस व कैदी या दोन्ही भूमिका अशी मुले करतात ज्यांच्या स्वतःच्या बापाला किंवा भावाला कधीतरी ठाण्यात बसवून ठेवलेले असते. त्यामुळे मारहाणीच्या प्रसंगात त्यांना अभिनय शिकवावा लागला नसावा, मात्र पोलिसाच्या भूमिकेत त्या पोलिसाचा कंटाळा, त्याची घाई, वरच्या साहेबाची त्याला असलेली भीती हेही त्यांनी आणले, यात त्यांच्या कलेची उंची आहे. ज्याने आपल्याला कधी माणूस म्हणून पाहिले नाही त्याला माणूस म्हणून रंगवणे हे सोपे काम नव्हे. बुधन थिएटर त्या मुलांनी आजवर चालू ठेवले आहे आणि त्यांतले दक्षिण बजरंगे पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून ओळखले गेले.

छारानगरात दारू गाळली जाते हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. दारूबंदी असलेल्या राज्यात ज्या समाजाला कोणी कामावर ठेवत नाही त्याने तो धंदा धरला, आणि त्या धंद्यातून वाहणारा पैसा वस्तीतच राहतो असेही नाही. पण याच छारानगरात वकील मोठ्या संख्येने आहेत, शिक्षक आहेत, पत्रकार आहेत, नट आहेत. जुलै २०१८ मध्ये एका रात्री पोलिसांचे मोठे पथक वस्तीत शिरले, घरांत घुसून लाठीमार झाल्याच्या, गाड्या फोडल्याच्या तक्रारी झाल्या, आणि पकडलेल्यांमध्ये वकीलही होते. वकिली करणे, नाटक लिहिणे, परदेशात जाऊन येणे यांपैकी कशानेही त्या रात्री कोणाचे दार वेगळे ओळखले गेले नाही. शिक्षण घ्या म्हणजे शिक्का पुसला जाईल, असे या समाजांना सतत सांगितले जाते. ज्यांनी ते ऐकले त्यांचा अनुभव असा आहे.

संशय आरोपाच्या रूपाने न्यायालयात आला तर त्याचा शेवट होतो, असे वर म्हटले. परंतु तो शेवट व्हायला किती काळ लागू शकतो हे महाराष्ट्रातल्या एका खटल्याने दाखवले. २००३ साली घडलेल्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या भीषण प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडण्यात आले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय फिरवला आणि सगळ्यांना निर्दोष ठरवले. प्रकरणातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या धाग्याचा तपास केलाच गेला नव्हता, ही गोष्ट कागदपत्रांत पहिल्यापासून होती. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, त्यांतली बरीच फाशीच्या छायेत, आणि सहांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तीन पातळ्यांवरच्या विद्वान न्यायाधीशांना जो कागद दिसला नाही तो न दिसण्यामागे केवळ दुर्लक्ष होते असे मानणे कठीण आहे; आरोपी कोणत्या पालात राहतात हे कळल्यावर उरलेला कागद वाचण्याची निकड कोणाला वाटली नाही, असेच म्हणावे लागते.

ज्यांना सतत संशयित म्हणून पाहिले जाते, ते फिर्यादी म्हणून समोर आले तर त्यांचे ऐकले जात नाही, ही याच नात्याची दुसरी बाजू होय, आणि तिच्यासाठी वडोदरा सोडून कोठे जावे लागत नाही. १ मार्च २००२ रोजी, गुजरातेतल्या दंगलींत, शहराच्या हनुमान टेकडी भागातल्या एका मुसलमान कुटुंबाच्या बेस्ट बेकरीत चौदा जण मारले गेले; तपास इतका ढिला झाला की २००३ मध्ये सर्व एकवीस आरोपी सुटले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हा खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, नव्याने चालवण्याचा आदेश द्यावा लागला. मुंबईच्या न्यायालयाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी चौघांची शिक्षा पुढे उच्च न्यायालयात टिकली. पोलिसांच्या मनोवृत्तीविषयी ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती यांनी २०१९ साली जे देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यात सुमारे निम्म्या पोलिसांना मुसलमान हे स्वभावतःच गुन्ह्याकडे कमी-अधिक प्रमाणात वळणारे वाटतात असे आढळले. १८७१ च्या कायद्याचे मसुदाकार हे वाचून चकित झाले नसते.

अलीकडच्या काळात न्यायालयांनी काही ठाम पावले टाकली आहेत. तुरुंगातल्या जातिभेदाविषयी पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांमधले विमुक्त जमातींचे उल्लेख घटनाबाह्य ठरवले, आणि या समाजांतल्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्यास पोलिसांना बजावले. त्याच वर्षी दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच हिस्ट्रीशीटमध्ये मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे घातली जाण्यावर बोट ठेवले होते. विमुक्त व भटक्या जमातींसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिले, दोन्हींच्या शिफारशींपैकी बहुतेक अजून कागदावर आहेत. हे सर्व आवश्यक आहे आणि त्याचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु नोंदवहीला रोज नवी शाई पुरवणारा एक स्रोत असा आहे जो कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाखाली येत नाही, आणि तो दांडिया बाजारासारख्या सभ्य, सुशिक्षित, पापभीरू वस्त्यांत असतो.

वाड्यात चोरी होते, गृहस्थ ठाण्यात जातो, फिर्याद लिहून घेणारा अंमलदार शेवटी एक नेहमीचा प्रश्न विचारतो की, कोणावर संशय आहे का. त्या क्षणी गृहस्थाने काही पाहिलेले नसते. पण चार दिवसांपूर्वी गल्लीत चादरी विकायला आलेली बाई, मैदानात पाल ठोकून राहिलेली माणसे, शेजारच्या बांधकामावर छोटा उदेपूरकडून मजुरीला आलेली राठवा आदिवासी मंडळी त्याला आठवतात, तो सहज त्यांचा उल्लेख करतो, अंमलदार तो सहज लिहून घेतो, आणि रात्री कोणाच्या तरी पालात कंदील शिरतो. गृहस्थ दुष्ट नसतो, तो झोपी गेलेला असतो. आपल्या एका वाक्याचे पुढे काय झाले हे त्याला कधी कळत नाही, कारण सकाळी ती पाले मैदानातून उठलेली असतात. पोलिसांच्या संशयाला लागणारी संमती अशा रीतीने रोज, थोडी थोडी, वेगवेगळ्या दारांवरून गोळा होते. दांडिया बाजारातले आणि पुणे, नाशिक, सोलापूर, मुंबईतले जे वाचक कधी ना कधी त्या टेबलासमोर बसतील, त्यांच्याकडे म्हणून एकच मागणे आहे: जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा, आणि काही पाहिले नसेल तर संशयाच्या त्या रकान्यात ‘कोणावरही नाही’ एवढेच लिहून घ्या, व सही करण्याआधी ते तसेच लिहिले गेले आहे ना, हे वाचून पाहा.